शत्रूची नेमकी ओळख : कसाव्यावरील पिठ्या ढेकणाचे प्रकरण

१९७३ च्या सुमारास काँगो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेल्या किन्शासा आणि ब्राझाव्हिल या राजधान्यांच्या परिसरात कसाव्याच्या शेतांवर एक अनोळखी लक्षण दिसू लागले. झाडांचे शेंडे आखडून त्यांचे गुच्छ बनत होते, पाने मुरगळून एकमेकांत अडकत होती, आणि कोरड्या हंगामाच्या अखेरीस आखूड पेरांची, वेडीवाकडी खोडे पानांविना उभी राहत होती. शेंडा उलगडून पाहिला की आत पांढऱ्या मेणचट भुकटीने माखलेले, गुलाबी झाक असलेले, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीचे किडे दाटीवाटीने बसलेले आढळत. हा एक पिठ्या ढेकूण होता, आणि आफ्रिकेत तो त्यापूर्वी कोणाच्या नोंदीत नव्हता.

या किडीचा बंदोबस्त कसा झाला, हे जैविक कीडनियंत्रणाच्या, म्हणजे किडीला तिच्या नैसर्गिक शत्रूकरवी आवरण्याच्या, इतिहासातील सर्वांत बारकाईने अभ्यासले गेलेल्या प्रकरणांपैकी एक आहे, आणि २०२० नंतर केरळ व तमिळनाडूतील घडामोडींमुळे ते आपल्या दारात येऊन ठेपले आहे. ‘एका इवल्याशा माशीने खंड वाचवला’ अशा थाटात ते सहसा सांगितले जाते. सांगायला ते बरे वाटते. परंतु माझ्या मते या प्रकरणात निर्णायक ठरलेल्या गोष्टी दोन आहेत. कीड नेमकी कोणती आणि कुठून आलेली, हे ठरवण्यात गेलेली वर्षे ही पहिली. आणि एकदा हाती लागलेला मित्रकीटक, त्याच्या पालनाची रीत व ती जाणणारी माणसे दशकानुदशके हाताशी ठेवणाऱ्या सार्वजनिक संशोधन संस्था ही दुसरी.

पीक आणि पेच

कसावा, म्हणजे आपण ज्याला टॅपिओका म्हणतो ते झुडूप, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून काँगोच्या मुखाकडे नेला आणि पुढील काही शतकांत तो आफ्रिकेच्या उष्ण पट्ट्यातील कोट्यवधी लोकांचे मुख्य अन्न बनला. हलक्या जमिनीत तो तग धरतो, पावसाने दडी मारली तरी मरत नाही, आणि त्याची पिठूळ मुळे काढणीची घाई न करता महिनोन्महिने जमिनीतच राखून ठेवता येतात. ज्या घरात धान्याची कणगी नाही, त्या घराला हे पीक दुष्काळात आधार देते.

किडीचा घाव या आधारावर तीन बाजूंनी बसला. काँगोच्या खोऱ्यात कसाव्याची कोवळी पाने कुटून, शिजवून भाजी म्हणून रोज खाल्ली जातात. ढेकणाने शेंडेच गाठल्यामुळे ही भाजी प्रथम गेली. पाने गेल्यावर मुळांत पिष्ट साठेनासे झाले, आणि तीव्र प्रादुर्भाव असलेल्या शेतांत उत्पादनातील घट ८० टक्क्यांच्याही पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. तिसरा घाव बेण्यावर होता. कसाव्याची लागवड खोडाच्या कांड्या लावून होते. खोडेच रोगट व खुरटी राहिल्याने पुढच्या हंगामासाठी धड कांडी मिळेना. ज्या कांड्या मिळत, त्यांच्या डोळ्यांच्या बेचक्यांत ढेकणाची पिल्ले दडलेली असत, आणि एका गावातून दुसऱ्या गावात बेणे नेणारा शेतकरी नकळत कीडही नेत असे. अशा रीतीने पंधरा वर्षांच्या आत आफ्रिकेतील कसाव्याच्या बहुतेक सर्व पट्ट्यात ही कीड पोहोचली.

१९७७ मध्ये फ्रान्सच्या कीटक-वर्गीकरणतज्ज्ञ दानिएल मातिल-फेरेरो यांनी काँगोतील नमुन्यांवरून या किडीचे वर्णन करून तिला ‘फेनाकोकस मॅनिहोटी’ हे शास्त्रीय नाव दिले. या जातीत नर आढळत नाहीत. माद्या नराविनाच प्रजनन करतात आणि एकेक मादी चारशे-पाचशे अंडी घालते. म्हणजे कांडीच्या बेचक्यात एखादेच पिल्लू टिकले तरी नव्या शेतात वसाहत उभी राहू शकते. जोरदार पाऊस ढेकणांना धुऊन खाली पाडतो, त्यामुळे पावसाळ्यात कीड दबते. कोरडा हंगाम सुरू झाला की ती पुन्हा उसळते. स्थानिक ढालकिडे व इतर भक्षक तिच्यावर ताव मारत, पण त्यांची संख्या वाढेपर्यंत शेंडे जळून गेलेले असत.

कोणते मार्ग उपलब्ध होते

रासायनिक फवारणी हा पहिला विचार असणे स्वाभाविक होते आणि काही ठिकाणी तो अमलातही आला. परंतु कसावा पिकवणारा बहुसंख्य शेतकरी, त्यांतही मोठ्या प्रमाणात शेतकरी स्त्रिया, रोख पैशांच्या व्यवहारापासून दूर होत्या. ज्या पिकाला खतही विकत घेतले जात नाही, त्याला दर दोन-तीन आठवड्यांनी फवारणी करणे हा हिशेबच बसत नव्हता. शिवाय ढेकूण मेणाच्या आवरणाखाली आणि आखडलेल्या पानांच्या घडीत बसत असल्याने औषध त्याच्यापर्यंत धड पोहोचत नसे, आणि ज्या झाडाची पाने खायची त्याच झाडावर विष मारायचे हा प्रश्न होताच.

दुसरा मार्ग प्रतिकारक वाणांचा. नायजेरियातील इबादान येथे १९६७ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत कसाव्याच्या सुधारित वाणांवर चांगले काम चालू होते, पण ते मुख्यतः मोझॅक विषाणू आणि जिवाणूजन्य करपा यांना तोंड देण्यासाठी. नव्या किडीविरुद्ध वाण घडवून, त्याचे बेणे वाढवून खंडभर पोहोचवायला किती वर्षे लागली असती याचा अंदाज कोणीही करू शकेल. कसाव्याच्या एका झाडापासून हंगामाला मोजक्याच कांड्या मिळतात. धान्याच्या बियाण्यासारखा त्याचा गुणाकार होत नाही.

तिसरा मार्ग होता कीड जिथली, तिथून तिचा नैसर्गिक शत्रू आणण्याचा. कसावा आफ्रिकेत आला तेव्हा त्याच्या मायदेशातील बऱ्याच किडी मागे राहिल्या, म्हणून त्याला शतकानुशतके सुखाचे दिवस होते. १९७० च्या दशकात त्यांतली एक कीड समुद्र ओलांडून आली, पण तिला आवर घालणारे परोपजीवी, म्हणजे तिच्या शरीरावर पोसले जाणारे कीटक, मात्र तिच्यासोबत आले नाहीत. हा असमतोल दुरुस्त करणे एवढाच या मार्गाचा अर्थ. स्विस कीटकशास्त्रज्ञ हान्स हेरेन १९७९ मध्ये इबादानच्या संस्थेत दाखल झाले आणि हे काम त्यांच्याकडे आले.

चुकीच्या ढेकणामागे

शोध दक्षिण अमेरिकेतच घ्यायचा हे उघड होते, पण दक्षिण अमेरिका अफाट आहे आणि कसावा तिच्या निम्म्याहून अधिक भागात पिकतो. खंडाच्या उत्तर भागात, गयाना ते ब्राझीलच्या ईशान्येपर्यंत, कसाव्यावर एक पिठ्या ढेकूण आढळला. तो दिसायला अगदी आफ्रिकेतल्यासारखा होता, शेंड्यावर तसाच बसत होता, आणि नुकसानही तसेच करत होता. साहजिकच तीच कीड समजून तिचे परोपजीवी गोळा करण्यात आले.

त्या परोपजीवींना आफ्रिकन ढेकणाने दाद दिली नाही. त्यांचे त्यावर पुनरुत्पादनच होईना. इथे संशोधकांपुढे दोन अर्थ होते. परोपजीवी हाताळणीत कमजोर झाले असावेत, किंवा मग ही कीडच निराळी असावी. बारकाईने तपासल्यावर दुसराच अर्थ खरा निघाला. उत्तरेकडील ढेकणात नर होते, आफ्रिकेतल्यात नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली शरीररचनेतील फरकही सापडले. १९८१ मध्ये या उत्तरेकडील जातीचे स्वतंत्र वर्णन प्रसिद्ध झाले आणि तिला हेरेन यांच्याच नावावरून ‘फेनाकोकस हेरेनी’ असे नाव मिळाले. ज्या किड्याने त्यांची दिशाभूल केली, त्याच्याच नावात त्यांचे नाव कायमचे जडले.

या टप्प्याकडे बहुतेक वृत्तांतांमध्ये एक-दोन वाक्यांत बोळवण केली जाते, आणि ते मला पटत नाही. कीटकांच्या वर्गीकरणाचे काम हे पेट्यांमध्ये टाचणीने टोचलेल्या नमुन्यांचे, लेबलांचे, मिशांच्या पेरांची आणि अंगावरच्या सूक्ष्म छिद्रांची संख्या मोजण्याचे काम आहे. त्याला निधी देताना संस्था नाके मुरडतात. पण येथे दोन सारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या करता आल्या नसत्या, तर शोध आणखी कित्येक वर्षे चुकीच्याच भूगोलात फिरत राहिला असता, आणि अखेरीस ‘जैविक नियंत्रण या किडीवर चालत नाही’ असा निष्कर्ष निघून प्रकल्पच गुंडाळला गेला असता. संशोधनाच्या इतिहासात असे गुंडाळलेले प्रकल्प कमी नाहीत.

जात वेगळी आहे हे कळल्यावर शोध दक्षिणेकडे वळला. कोलंबियातील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी केंद्राचे कीटकशास्त्रज्ञ अँथनी बेलोटी यांना १९८१ मध्ये पॅराग्वेमध्ये खरी कीड सापडली. पुढे बोलिव्हिया व ब्राझीलच्या नैऋत्य भागातही ती आढळली. या सर्व भागांत ती विरळच होती आणि शेतकऱ्यांच्या लेखी तिला काही महत्त्व नव्हते. तिला कोणीतरी आटोक्यात ठेवत होते, याचा तो सर्वांत बोलका पुरावा होता.

गांधीलमाशी कशी काम करते

पॅराग्वेतून मिळालेल्या शत्रूंपैकी सर्वांत उपयोगी ठरली ती ‘ॲनागायरस लोपेझी’ ही दीड-दोन मिलिमीटर लांबीची परोपजीवी गांधीलमाशी. अर्जेंटिनातील नमुन्यांवरून तिचे वर्णन १९६४ मध्येच झालेले होते, तेव्हा ती कधी कोणाच्या उपयोगी पडेल हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

तिचे काम भिंगाखाली पाहण्यासारखे असते. ढेकणाने ग्रासलेल्या कसाव्याच्या झाडातून जो विशिष्ट गंध बाहेर पडतो, त्याच्या मागाने ती झाडापर्यंत येते. त्यामुळे शेतात ढेकूण अगदी तुरळक असले तरी ती त्यांना शोधून काढते. शेंड्यावर उतरल्यावर ती मिशांनी ढेकणाला चाचपते, मग मागे वळून अंडनलिका त्याच्या शरीरात खुपसते. कधी ती अंडे घालते, तर कधी नुसतेच भोक पाडून आतला द्रव स्वतः पिते. दोन्ही प्रकारांत ढेकणाचे मरण ठरलेले. अंड्यातून निघालेली अळी ढेकणाला आतून खात वाढते. काही दिवसांनी ढेकूण फुगून, कडक होऊन तपकिरी दिसू लागतो; या अवस्थेला ‘ममी’ म्हणतात. ममीच्या एका टोकाला गोल झाकण कुरतडून प्रौढ माशी बाहेर पडते. हे सगळे चक्र उष्ण हवेत साधारण दोन-तीन आठवड्यांत पुरे होते, म्हणजे ढेकणाच्या पिढीपेक्षा लवकर.

या शत्रूंना आफ्रिकेत थेट आणले गेले नाही. प्रथम त्यांना इंग्लंडमध्ये विलगीकरणात ठेवून त्यांच्यासोबत दुसरा कोणताही कीटक किंवा रोग येत नाही याची खात्री करण्यात आली, आणि आफ्रिकी देशांच्या वनस्पती-संरक्षण परिषदेच्या संमतीनंतर ते इबादानला पोहोचले. नोव्हेंबर १९८१ मध्ये, कोरडा हंगाम सुरू होत असताना, संस्थेच्याच शिवारात माशी पहिल्यांदा सोडण्यात आली.

खरी परीक्षा मात्र पुढच्या पावसाळ्यात होती. पावसाने ढेकूण धुऊन गेल्यावर भुकेने माशी नाहीशी झाली, तर दरवर्षी ती नव्याने पैदा करून सोडावी लागली असती आणि गरीब देशांना तो खर्च झेपला नसता. माशी टिकली. तीन वर्षांत ती नैऋत्य नायजेरियाच्या फार मोठ्या टापूत स्वतःहून पसरली होती. त्यानंतर मोठ्या प्रमाणावर पैदास करून, काही ठिकाणी विमानातूनही, तिचे प्रसारण झाले. विमानांची छायाचित्रे पुढे पुष्कळ गाजली. माझ्या मते त्यांचे श्रेय थोडे जास्तच मोजले जाते, कारण एकदा स्थिरावल्यानंतर पुढची वाटचाल माशीने बव्हंशी आपल्याच पंखांवर केली. १९९० पर्यंत ती २४ देशांतील सुमारे २७ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रात स्थिरावलेली होती.

परिणाम कसा मोजला

कीड कमी झाली ती माशीमुळेच, की पाऊस चांगला झाल्यामुळे, हा आक्षेप रास्त होता आणि संशोधकांनी तो गांभीर्याने घेतला. कीटकशास्त्रज्ञ पीटर नॉयेनश्वांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही शेंड्यांवर जाळीच्या पिशव्या बांधल्या. काहींची तोंडे बंद, काहींची उघडी. माशीला मज्जाव असलेल्या बंद पिशव्यांत ढेकूण कित्येक पटींनी वाढले. दुसऱ्या प्रयोगात काही वाफ्यांवर मुद्दाम असे कीटकनाशक फवारले की ज्याने माशी मरावी, पण मेणाखालचा ढेकूण बचावावा. फवारलेल्या वाफ्यांत कीड कमी होण्याऐवजी वाढली. कीटकनाशक मारल्याने कीड वाढते हे शेतकऱ्याच्या गळी उतरवणे अवघड असते. या प्रयोगात ते आकड्यांनिशी दिसले.

माशी स्थिरावल्यावर कोरड्या हंगामातील उच्चांकाला एका शेंड्यामागे शंभराहून अधिक असणारे ढेकूण दहा-वीसच्या आत आले. घाना आणि आयव्हरी कोस्टच्या गवताळ पट्ट्यातील शेतकऱ्यांच्या शेतांवर केलेल्या पाहणीत हेक्टरी सुमारे अडीच टनांची वाढ माशीच्या खाती नोंदवली गेली. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड नॉरगार्ड यांनी १९८८ मध्ये केलेल्या हिशेबात खर्चाच्या तुलनेत लाभाचे गुणोत्तर १४९ पट आले, आणि नंतरच्या अभ्यासांत ते याहूनही वर गेले. अशा गुणोत्तरांत गृहीतकांचा वाटा मोठा असतो, तेव्हा नेमका आकडा मी फार ताणणार नाही. परंतु या कामात विकण्यासारखी वस्तू कोणतीच निर्माण होत नव्हती, शेतकऱ्याला एक पैसाही मोजावा लागला नाही, आणि म्हणूनच ते खाजगी कंपनीच्या हातून कधीच झाले नसते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. हेरेन यांना १९९५ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले.

जिथे माशी कमी पडली

सगळीकडे सारखे यश आले नाही, आणि अपयशाची कारणे मला यशाइतकीच मोलाची वाटतात. अतिशय निकस, वाळूसर, उघड्या जमिनीतील थोड्या शेतांत माशी असूनही ढेकूण आटोक्यात येत नव्हते. याचा उलगडा माशीच्या प्रजननाच्या पद्धतीतून झाला. मधमाशीप्रमाणे हिचीही अफलित अंडी नर बनतात आणि फलित अंडी मादी. मादी माशी ढेकणाचा आकार जोखून ठरवते: लहान ढेकणात नराचे अंडे, मोठ्या ढेकणात मादीचे. निकस जमिनीत उपाशी वाढलेल्या झाडावर ढेकूणही खुरटे राहतात, त्यामुळे त्यांच्यातून मुख्यतः नरच निपजतात. आणि ढेकणांना मारणाऱ्या माद्यांची संख्या दर पिढीला रोडावत जाते.

याचा व्यावहारिक अर्थ असा की अशा शेतांत आणखी माश्या सोडून काही साधत नाही. जमिनीवर पालापाचोळ्याचे आच्छादन केले, सेंद्रिय खत दिले, झाड सशक्त झाले, की माशीचे कामही सुधारते. कीटकशास्त्राच्या प्रश्नाचे उत्तर मृदाशास्त्रात सापडावे, ही गोष्ट विद्यापीठांतील विभागांच्या भिंतींना फारशी मानवणारी नाही.

थायलंड : आठ वर्षांचे काम दोन वर्षांत

२००८ मध्ये हीच कीड थायलंडमध्ये आढळली. तिथे कसावा हे पोटाचे नव्हे, कारखान्याचे पीक आहे. पिष्ट आणि वाळवलेल्या फोडी यांच्या निर्यातीत थायलंड जगात अग्रेसर आहे. २००९ मध्ये सुमारे ३ कोटी टन असलेले उत्पादन २०१० मध्ये सुमारे २.२ कोटी टनांवर घसरले. त्याचा धक्का शेजारी देशांतील जंगलांपर्यंत गेला: भाव कडाडले, आणि लाओस, कंबोडिया व व्हिएतनाममध्ये कसाव्याची लागवड वाढवण्यासाठी जंगलतोड वाढल्याचे नंतरच्या अभ्यासांनी दाखवले.

थायलंडला शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही. कीड कोणती, तिचा शत्रू कोणता, तो कसा पाळायचा, कोणत्या अवस्थेतील ढेकूण त्याला द्यायचे, हे सर्व ठाऊक होते. इबादानच्या संस्थेचे जैविक नियंत्रण केंद्र १९८८ पासून बेनिनमध्ये कोटोनूजवळ कार्यरत होते; तिथून २००९ मध्ये माशी बँकॉकला आली आणि जुलै २०१० मध्ये ईशान्येकडील खोन केन प्रांतात तिचे प्रसारण झाले. सोबत लागवडीपूर्वी कांड्या कीटकनाशकाच्या द्रावणात बुडवण्याची पद्धतही प्रचारात आली. बेण्यातून येणारी कीड त्यामुळे मरते, आणि उभ्या पिकावर फवारणी नसल्याने माशीला मोकळीक मिळते. आफ्रिकेत कीड दिसल्यापासून माशी सोडेपर्यंत आठ वर्षे गेली होती, इथे दोन.

सेलम आणि साबुदाणा

भारतात ही कीड प्रथम २०२० मध्ये केरळातील त्रिशूर येथे नोंदवली गेली आणि लवकरच तमिळनाडूतील सेलम, नामक्कल, धर्मपुरी या पट्ट्यात पसरली. हाच साबुदाण्याचा पट्टा. आषाढी एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार यांना महाराष्ट्रात जी खिचडी होते, तिचा साबुदाणा बहुतांशी सेलम परिसरातील कारखान्यांतून येतो. मुळे सोलून, किसून, पिष्ट निथळवून, त्याच्या गोळ्या करून त्या तापलेल्या तव्यांवर भाजण्याचा हा उद्योग पूर्णपणे या एका पिकावर उभा आहे. भारतात कसाव्याचे क्षेत्र फार नाही, पण उत्पादकता हेक्टरी ३० टनांच्या वर, म्हणजे जागतिक सरासरीच्या जवळजवळ तिप्पट आहे. त्यामुळे शेंडे आखडल्यावर होणारे नुकसानही एकरी मोठे.

पिठ्या ढेकणाच्या स्वारीचा भारताला पूर्वानुभव होता. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला आढळला, त्याने पपईबरोबर तुती आणि कसाव्यालाही ग्रासले, आणि पुण्याच्या परिसरापर्यंत त्याने मजल मारली. त्या वेळी २०१० मध्ये पोर्टो रिकोहून तीन परोपजीवी आणून सोडण्यात आले. त्यांपैकी ‘ॲसेरोफॅगस पपाये’ हा इतका यशस्वी ठरला की महाराष्ट्रातील पपई बागायतदारांनाही त्याचा लाभ झाला. आयातीचे परवाने, विलगीकरणाची व्यवस्था, पैदाशीची प्रयोगशाळा, राज्यांच्या कृषी विद्यापीठांशी समन्वय, ही सारी घडी त्यातून बसलेली होती.

म्हणून कसाव्याच्या वेळी बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने कोविडच्या काळातही ऑगस्ट २०२१ मध्ये बेनिनहून ‘ॲनागायरस लोपेझी’ मागवली, विलगीकरणात तिच्या सुरक्षिततेच्या चाचण्या केल्या, आणि मार्च २०२२ मध्ये सेलम जिल्ह्यातील येत्तापूर येथे, तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या टॅपिओका व एरंड संशोधन केंद्रावर तिचे पहिले प्रसारण झाले. त्यानंतर पैदास करून ती इतर भागांतील शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्यात आली.

आफ्रिकेच्या तुलनेत सेलमची परिस्थिती एका बाबतीत सोपी आणि एका बाबतीत अवघड आहे. येथील पीक बहुधा ओलिताचे आणि खत घातलेले. झाडे सशक्त, ढेकूण मोठे, त्यामुळे माद्या भरपूर निपजण्यास वाव. परंतु येथील शेतकऱ्याच्या हाताशी फवारणी पंप आहे, कीटकनाशकाचे दुकान आहे, आणि नगदी पीक असल्याने ते विकत घेण्याची ऐपतही आहे. मार्चपासून पुढे उन्हाळ्यात शेंडे आखडू लागले की तो पंप पाठीवर घेतो, आणि कीटकनाशक फवारलेल्या वाफ्यांच्या त्या जुन्या प्रयोगात जे दिसले तेच त्याच्या शेतात घडण्याची शक्यता निर्माण होते. नायजेरियातील शेतकरी स्त्रीजवळ फवारणीचे पैसे नव्हते, हेच एका अर्थाने माशीच्या पथ्यावर पडले होते. सेलममध्ये माशीचे यश तिच्या जीवशास्त्रापेक्षा शेतकऱ्यांपर्यंत माहिती पोहोचवणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांच्या कामावर अधिक अवलंबून राहील, असे माझे मत आहे.

त्या कामाचा गाभा तसा साधा आहे. फवारणीपूर्वी शेताच्या निरनिराळ्या भागांतील काही आखडलेले शेंडे उलगडून पाहावेत. पांढऱ्या जिवंत ढेकणांमध्ये तपकिरी, कडक, भोक पडलेल्या ममी दिसत असतील, तर माशी शेतात पोहोचली आहे; अशा शेतात रासायनिक फवारणी थांबवावी. ममीसकट शेंडे तोडून जाळण्याची घाईही करू नये, कारण त्यांच्यातून पुढची पिढी बाहेर पडायची असते. तोडलेले शेंडे बारीक जाळीच्या पिंजऱ्यात ठेवले तर ढेकूण आतच मरतात आणि माशी जाळीतून उडून जाते. ममी मुळीच दिसत नसतील, तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडून किंवा संशोधन केंद्राकडून माशी मिळवावी.

महाराष्ट्रात टॅपिओकाचे क्षेत्र नगण्य असले तरी कोकणातील हवामान त्याला मानवते, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठात कंदपिकांवरील अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचे केंद्र आहे. रताळे, सुरण, कणगर, अळू यांच्या जोडीला टॅपिओका लावून पाहण्याची इच्छा असणाऱ्यांनी दक्षिणेतील ओळखीच्या शेतातून थेट कांड्यांची मोळी आणणे टाळावे. त्या मोळीतून पिठ्या ढेकूण तर येतोच, पण मोझॅकचा विषाणूही येतो, आणि विषाणूवर कोणतीही गांधीलमाशी चालत नाही. बेणे संशोधन केंद्रातून तपासलेले घ्यावे, लागवडीपूर्वी कांड्यांच्या डोळ्यांजवळ भिंगाने पाहावे, आणि शिफारशीप्रमाणे त्या द्रावणात बुडवून मगच लावाव्यात.